मारणाऱ्या आईबापांचं समुपदेशन: कुठली पायरी आधी, कुठली नंतर

शाळेतले काउन्सेलर, संस्थांमधले सोशल वर्कर आणि नुकतं काम सुरू केलेले समुपदेशक यांच्यासाठी हे लिहितेय. सुपरव्हिजनला, म्हणजे इतर समुपदेशकांचं काम तपासायला, माझ्याकडे फायली येतात आणि फाइल उघडली की तीच गोष्ट. मुलाच्या अंगावर वळ दिसले, पालकांना बोलावलं, तासभर समजावलं, बाबा रडला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, फाइलवर 'पालकांना समज दिली, सुधारणा आहे' असं लिहिलं आणि दीड महिन्यात परत वळ. मग आपण म्हणतो हा माणूस सुधारणाऱ्यातला नाहीच.

अहो पण आपण केलं काय, तर त्याला पस्तावायला लावलं. पस्तावा त्याला आपल्याशिवायही होत होताच, रात्री झोपलेल्या पोराच्या पाठीला हळद-तेल लावत बसणारे बाप मी कितीतरी बघितलेत आणि तेच बाप चार दिवसांनी परत पट्टा काढतात. काम असतं ते हात उठायच्या आधीच्या चार-पाच मिनिटांत, आणि तिथपर्यंत पोचायला क्रम पाळावा लागतो. तो क्रम खाली दिलाय. मारझोड, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, सतत घालूनपाडून बोलणं, एवढ्यापुरतंच हे आहे.

१. ही केस समुपदेशनाची आहे का, हे आधी ठरवा

आपल्याला मदतीची घाई असते त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. यातलं काहीही असेल तर पालकांना खुर्चीत बसवून बोलत बसायचं नाही:

- लैंगिक अत्याचाराचा संशय. पोक्सो कायदा २०१२, कलम १९, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि नाही कळवलं तर कलम २१ खाली आपल्यावरच कारवाई होते. 'घरातल्या घरात मिटवू' म्हणायचा अधिकार शाळेला नाही, आजोबांना नाही, आपल्यालाही नाही.
- चटके, हाड मोडणं, डोक्याला मार, गळा दाबणं, किंवा हत्यार उगारणं.
- तान्हं बाळ. रडतंय म्हणून गदागदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही.
- मूल घरी जायला घाबरतंय, किंवा जीव द्यायची भाषा करतंय.

अशा वेळी चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीचं असेल तर ११२, आणि पुढे बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. समुपदेशन नंतर होऊ शकतं, समितीने सांगितलं तर, पण या पायरीच्या बदल्यात ते नाही.

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आईबापांनाही लागू होतं, मुलाशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. हे तुम्हाला माहीत पाहिजे. पालकाला मात्र पहिल्याच वाक्यात ऐकवू नका, नाहीतर तो पुढचे सगळे सेशन फक्त वकिलासारखा बोलेल.

⚠ आईलाही मार पडतोय का हे आईला एकटीला विचारा. पडत असेल तर नवराबायकोला एकत्र बसवायचंच नाही, कारण खोलीत ती जे बोलेल त्याची वसुली घरी गेल्यावर होते. तिच्यासाठी संरक्षण अधिकारी, महिला कक्ष हे वेगळे रस्ते आधी उघडा.

२. बोलावण्याआधीची तयारी

मुलाशी आधी बोला, एकट्याशी, आणि बोलताना 'का मारतात' हे विचारू नका, त्याचं उत्तर मूल 'मी मस्ती करतो म्हणून' असंच देतं आणि आपणही मान हलवतो. कधी, कशाने, कुठे, तेव्हा घरात कोण होतं, आणि मारून झाल्यावर काय होतं, एवढं विचारा. मूल वापरतं तेच शब्द फाइलमध्ये लिहा. तो 'लाटणं' म्हणाला तर लाटणंच लिहा, 'वस्तूने मारहाण' नको.

आता माझी चूक सांगते. काम सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाबांना सरळ म्हटलं, 'तुमचा मुलगा सांगत होता तुम्ही पट्ट्याने मारता.' त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हो मॅडम चुकलंच म्हणाले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशी आला तो फुल बाह्यांचा शर्ट घालून, ऐन एप्रिलमध्ये. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. तेव्हा, मुलाचं वाक्य पालकासमोर पुरावा म्हणून कधीही टाकू नका. शिक्षकांना दिसलेले वळ, शेजारी ऐकू येणारी आरडाओरड, डायरीतली नोंद, यातून सुरुवात करा.

वेळही नीट निवडा. रोजंदारीवाल्या माणसाला सकाळी अकराला बोलावलं तर त्याचा दिवसाचा खाडा होतो आणि तो राग कोणावर निघणार हे सांगायला नको. संध्याकाळी किंवा त्याच्या सुट्टीच्या दिवशी भेटा. चिठ्ठीत 'तक्रार आहे' लिहू नका, 'मुलाच्या अभ्यासाबद्दल आणि घरच्या ताणाबद्दल बोलायचंय' एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये भेट घेऊ नका, तिथे तो आरोपी होऊनच बसतो.

✔ चेक: आज संध्याकाळी बाबा चिडून घरी गेला तर मूल कोणाकडे जाईल? आजी, मावशी, शेजारच्या काकू, एक नाव फाइलमध्ये असल्याशिवाय पहिली भेट घ्यायची नाही.

३. पहिली भेट

पहिली दोन मिनिटं गोपनीयतेची. सरळ सांगा, 'दादा, इथलं बोलणं मी बाहेर सांगत नाही, पण मुलाच्या जिवाला धोका वाटला तर मला कळवावं लागतं, ते तुमच्यापासून लपवून करणार नाही.' हे आधी न सांगता नंतर कळवलं की विश्वासघात होतो. (एकच अपवाद, आधी सांगितल्याने मुलाचाच धोका वाढत असेल तर थेट कळवा.)

मग गप्प बसायला शिका. आपली जीभ शिवशिवते, बालमानसशास्त्र सांगावं, मेंदूवर काय परिणाम होतो ते सांगावं. नको. विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची जी पद्धत मांडली, मूळ दारू सोडवण्याच्या कामातून आलेली, तिचं सार आपल्या भाषेत असं की तुम्ही बदलाची बाजू जितकी ओढाल तितका समोरचा दुसरं टोक ओढेल. तुम्ही 'मारणं वाईट' म्हणालात की त्याला 'आम्ही मार खाऊनच मोठे झालो' म्हणावंच लागतं.

'तुम्ही मारता का' ऐवजी 'घरात डोकं सगळ्यात जास्त कधी फिरतं?' असं विचारा. 'मार खाऊनच मोठे झालो' आलं की वाद घालू नका, विचारा, 'तेव्हा वडील घरात आले की तुम्ही कुठे बसायचात?' बरेच जण इथे थांबतात. एक जण म्हणाले, 'मोरीत. पाय धुतोय असं दाखवत.' मग स्वतःच म्हणाले, 'हापण आता मोरीत जातो मी आलो की.' मी त्यावर काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

भेटीच्या शेवटी आकड्याचा प्रश्न: 'न मारता राहणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?' तो तीन म्हणाला तर 'तीनच का' विचारायचं नाही, 'शून्य का नाही म्हणालात?' विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सबबी येतात आणि दुसऱ्याला कारणं, आणि ती त्याची स्वतःची असतात.

⚠ ऐकून घेणं म्हणजे माना डोलावणं नव्हे. 'अशा पोराला कोण नाही मारणार' असं तो म्हणाला आणि तुम्ही कसंनुसं हसलात, तर घरी 'मॅडमपण तेच म्हणाल्या' असं सांगितलं जाईल. 'दमून येता आणि वरून हे, डोकं फिरतं हे समजलं. मारणं मला मान्य नाही, तेही सांगून ठेवते.' दोन्ही वाक्यं एका दमात.

४. छोटा करार, शपथ नाही

आपल्याकडे शपथेचं भारी वेड. मुलाच्या डोक्यावर हात, देवासमोर नारळ, आयुष्यात हात लावणार नाही. असली शपथ मोडली की माणूस ते लपवतो, आणि लपवलं की आपलं काम संपलं. वर मुलालाही वाटतं की शपथ मोडलीय म्हणजे आता माझं काहीतरी होणार.

करार पुढच्या भेटीपर्यंतचा करा, म्हणजे सात दिवस. अंगावर हात नाही, वस्तू नाही, कोंडणं नाही. दाराला टांगलेला पट्टा किंवा छडी घरातून बाहेर. आणि मोडला तर काय, हेही आत्ताच ठरवा: 'मोडलं तर मला येऊन सांगायचं, मी ओरडणार नाही, पण मूल ठीक आहे ना हे बघेन.'

दारूचा विषय याच टप्प्यावर. पिणं किती धोक्याचं आहे हे बघणारी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी आहे, करायला पाच मिनिटं लागतात. गुण जास्त आले तर व्यसनमुक्ती उपचारांना पाठवा आणि आपलं काम सोबत चालू ठेवा. फक्त पिऊनच मारतो असं घरचे सांगतात तेव्हा जरा खोदून विचारा, न पिता मारलेले प्रसंग हमखास निघतात. आई मारत असेल आणि झोप नाही, रडू येतं, बाळंतपणाला फार दिवस झाले नाहीत, असं असेल तर डॉक्टरकडे पाठवायला उशीर करू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.

५. एक प्रसंग मिनिटामिनिटाने उलगडा

सगळ्या कामाचा गाभा हाच, आणि हाच टप्पा गाळला जातो. 'राग आला आणि मारलं' हे उत्तर घेऊन पुढे जाऊ नका. शेवटचा मारल्याचा एकच प्रसंग घ्या, कोरा कागद ठेवा आणि मागे मागे जात विचारा. त्याआधी? आणि त्याच्याही आधी?

एका आईचा कागद सांगते (तपशील बदललेत). मुलगी तिसरीत, रोज पाढ्यांवरून मार. कागदावर आलं ते असं. साडेसहाला कामावरून घरी, लोकल चुकल्याने अर्धा तास उशीर. सात वाजता सासूबाई, 'आमच्या वेळी दिवेलागणीला बायका घरात असायच्या.' साडेसात, कुकर लावला, वह्या बघितल्या, शेरा दिसला. आठ, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटत पाढे म्हणून घेणं. आठ दहा, सात सक्कं चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. मनात आलं, 'मुद्दाम करतेय, सगळ्यांसमोर मला नापास करतेय.' कान गरम झाले. आवाज चढला. मुलगी गप्प झाली. 'गप्प बसून मला खिजवतेय.' आणि लाटणं.

बघा, पाढा आठ वाजून दहा मिनिटांनी आला, गाडी साडेसहापासून उताराला लागलेली. यात तीन गोष्टी शोधून गोल करायच्या:

- अंगातली खूण. कान गरम, दात आवळणं, हात थरथरणं, पोटात गोळा. प्रत्येकाची वेगळी, त्याच्याच तोंडून येऊ द्या.
- मनात आलेलं वाक्य. 'मुद्दाम करतो', 'मला किंमत देत नाही', 'बापावर गेलाय', 'लोक काय म्हणतील' यातलं काहीतरी निघतंच.
- हातात काहीतरी होतं आणि मूल हाताच्या अंतरावर होतं, ती जागा.

'मुद्दाम करतो' या वाक्यावर वेळ घालवा, कारण हे वाक्य मोडलं की निम्मा राग उतरतो. मुलं घाबरली की गप्प होतात, आठवलेलंही विसरतात, ते खिजवणं नसतं. तीन वर्षांचं मूल अर्धा तास एका जागी बसत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाने झोपेत गादी ओली केली तर त्यात मुद्दाम काही नसतं, मारून ते थांबत नाही. हे लेक्चर म्हणून सांगू नका, तिच्याच कागदावर बोट ठेवून विचारा, 'ती गप्प झाली तेव्हा तिचा चेहरा कसा होता?'

✔ चेक: कमीत कमी तीन वेगळ्या प्रसंगांचे कागद झाले का? एका कागदावर योगायोग दिसतो, तिसऱ्या कागदावर तीच वेळ, तीच जागा, तेच वाक्य परत दिसतं.

६. बाजूला होण्याचा प्लॅन, त्यांच्या घराच्या मापाचा

'राग आला की दुसऱ्या खोलीत जा' असं सांगणाऱ्याने आधी विचारावं घरात खोल्या किती. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं असतील तर दुसरी खोली म्हणजे जिना, गॅलरी, सार्वजनिक नळ किंवा खालचा कट्टा. नकाशा काढा. कुठे उभी राहणार, चप्पल कुठे असते, तेवढ्या वेळात मुलाजवळ कोण, गॅस बंद करायचा का. मूल लहान असेल तर त्याला सुरक्षित जागी ठेवून दाराबाहेर दोन मिनिटं, त्यापेक्षा लांब नाही. वाक्यही ठरवा: 'मला राग आलाय, मी खाली जाऊन येते, तुला सोडून जात नाहीये.' हे मुलालाही शांत वेळी आधी सांगून ठेवायचं, नाहीतर आई निघून गेली म्हणून ते आणखी घाबरतं.

मग सेशनमध्ये उभं राहून प्रॅक्टिस. खरंच उभं राहून. हातात लाटण्याऐवजी पेन द्या, तुम्ही पाढा चुकवा, तिने पेन खाली ठेवून, वाक्य म्हणून, दारापर्यंत जायचं. लाजतात, हसतात, हसू द्या, पाच वेळा करून घ्या. तोंडी समजलेलं आठ वाजून दहा मिनिटांनी आठवत नाही, पायांना माहीत झालेलं आठवतं.

दोन ठिकाणी हे फसतं. बाबा 'राग आला म्हणून बाहेर गेलो' म्हणतो आणि बसतो बारमध्ये, म्हणून किती वेळाने परत यायचं हे ठरलेलं पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं. आणि दुसरं म्हणजे अबोला. मारणं थांबलं पण आई चार दिवस बोलत नाही, ताट आपटून वाढते, तर मुलाच्या बाजूने शिक्षा चालूच आहे.

७. मारण्याच्या जागी काय, ते शिकवा

'मारू नका' एवढंच सांगितलं तर त्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही, आणि पोर खरोखरच अभ्यास करत नसतं, मोबाइल सोडत नसतं. इथे मी पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपीमधून (पालकाला मुलासोबत खेळताना, वागताना तिथल्या तिथे शिकवायची पद्धत) उचललेल्या गोष्टी वापरते. रोज पाच मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ, त्यात प्रश्न नाही, सूचना नाही, पाढे तर नाहीच नाही. नेमकं कौतुक, 'शहाणी माझी' असं मोघम नको, 'वही स्वतःहून काढलीस' असं. एका वेळी एक सूचना, जवळ जाऊन, साध्या आवाजात, स्वयंपाकघरातून ओरडून नाही. आणि परिणाम छोटा आणि आजच्या आज, जसं की आज अर्धा तास मोबाइल कमी. महिनाभर खेळ बंद अशी शिक्षा कोणीच पाळत नाही.

हे पालक आणि मूल समोर असताना करून घ्यायचं असतं, पालक खेळतोय आणि तुम्ही शेजारी बसून हळू आवाजात सांगताय. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी मारहाणीच्या नोंदी असलेल्या ११० पालकांसोबत हे तपासलं, २००४ साली ते छापून आलं. साधारण ८५० दिवसांनी बघितलं तर या पद्धतीतल्या १९ टक्के पालकांबद्दल मारहाणीची परत नोंद झाली होती आणि नेहमीच्या पालक-वर्गाला गेलेल्या ४९ टक्क्यांबद्दल. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ज्यांना याच्या जोडीला इतर वैयक्तिक सेवाही दिल्या त्यांचा निकाल नुसत्या या पद्धतीपेक्षा चांगला आला नाही. आपण एका फाइलवर दहा गोष्टी चढवतो ना, त्याचा विचार करावा.

⚠ मूल पालकाला बघून अंग चोरत असेल तर एकत्र सेशन अजून नाही. आधी मुलाला एकट्याला विचारा, चालेल का. नाही म्हणालं तर नाही.

८. माफी, आणि ती इतक्या उशिरा का

बरेच जण ही पायरी पहिल्याच दिवशी उरकतात, मुलाला आत बोलावतात, 'बाबा सॉरी म्हणतायत, तूपण सॉरी म्हण, मिठी मारा.' मूल मिठी मारतं, दुसरं काय करणार. म्हणजे मार खाल्ला त्याने आणि माफही लगेच त्यानेच करायचं.

निदान सहा-आठ आठवडे हात उठलेला नाही, हे मुलाकडूनही कळलंय, मगच माफी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कोल्को यांनी मारझोड होणाऱ्या घरांसाठी बांधलेल्या पद्धतीत पालकाला आधी पत्र लिहायला लावतात, ते मला आपल्याकडेही जमलंय. लिहिता येत नसेल तर तो बोलतो, मी लिहिते. पत्र दोन-तीनदा परत लिहावं लागतं, कारण पहिल्या खर्ड्यात 'पण' येतोच, 'मी मारलं पण तू ऐकत नव्हतास'. 'पण'च्या पुढचं सगळं खोडायचं. काय केलं ते नाव घेऊन, चूक माझी, तुझी नाही, आणि आता राग आला की मी काय करणार, एवढंच राहू द्या. मुलाला ऐकायचं नसेल तर पत्र फाइलमध्ये राहील, काही बिघडत नाही.

पालकाचं स्वतःचं बालपणही मी या सुमारास जरा खोलात घेते. आधी घेतलं की त्याची सबब होते.

९. घसरण होणार, तिची तारीख काढून ठेवा

मारझोड परत येते ती ठरलेल्या दिवसांत. सहामाही आणि वार्षिक परीक्षेचे निकाल, जूनमध्ये फी-वह्या-गणवेश, मे महिन्यात पोरं दिवसभर घरात, नोकरी सुटणं, घरात लग्न किंवा आजारपण. कॅलेंडर समोर ठेवून पालकालाच खुणा करायला लावा, आणि त्या आठवड्यात तुमचा फोन जाईल असं ठरवा.

फोन पालकाला, पण भेट मुलाची, वेगळी. पालक 'एकदम छान चाललंय' म्हणतो तेव्हा तपशील विचारा, 'या आठवड्यात कधी खाली जाऊन आलात?' ज्याला सात दिवसांत एकदाही राग आलेला नाही तो मला खोटं सांगतोय असं मी धरून चालते. उलट 'बुधवारी हात वर गेला होता, खाली घेतला' असं जो सांगतो त्याचं काम चाललंय.

एखादा धपाटा बसला तर तो प्रसंग परत कागदावर. पण वळ उठले, वस्तू वापरली, लपवलं किंवा मुलाला 'मॅडमना सांगू नको' म्हणून धमकावलं, तर पायरी एकवर परत आणि १०९८. आपली चार महिन्यांची मेहनत आहे म्हणून इथे टाळाटाळ करायची नाही, मीसुद्धा एकदा केलीय.

फाइल बंद करायच्या आधी एक, तीन आणि सहा महिन्यांनी भेट. मोठ्या प्रश्नावलीपेक्षा मुलाला मी एकच विचारते, 'आई-बाबा घरात येतात तेव्हा तू काय करत असतोस?' तो मोरीतल्या बाबांचा मुलगा सहाव्या महिन्यात म्हणाला, 'टीव्ही बघतो. ते म्हणतात आवाज कमी कर, मी थोडाच करतो.' त्यांची फाइल त्या दिवशी बंद केली.